पेलेचा अखेरचा मोसम आणि अज्जांची तक्रार

गेल्या दिवाळीत आमच्या चिरंजीवांनी नवे कपडे नकोत, जर्सी हवी, असा हट्ट धरला. जर्सी कसली, तर भडक गुलाबी, पाठीवर दहा नंबर आणि मेस्सीचं नाव. इंटर मियामी या अमेरिकन संघाची. बेळगावच्या बाजारात हल्ली ती टांगलेली दिसते. ती घालून आरशासमोर उभं राहून तो आपल्या आईला कन्नडमधून समजावत होता, की मेस्सी गेला म्हणून अमेरिकेत फुटबॉल सुरू झाला, नाहीतर त्या लोकांना हा खेळ ठाऊकच नव्हता. आई फराळाच्या गडबडीत. 'हौदा?' एवढं म्हणून ती पुन्हा कढईकडे वळली.

खुर्चीत बसलेले माझे वडील मात्र गप्प बसले नाहीत. "मेस्सी काय म्हणतोस? पेले गेला होता की रे आधी. आणि तिथून आमच्याकडं कलकत्त्याला आला होता. मी बघितलाय. पण पळाला नाही तो. पैसे घेतले आणि चालत खेळला."

ही तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलोय. वडील फौजेत होते. १९७७ साली पंचविशीतले, नेमणूक कलकत्त्यात. त्या सप्टेंबरात ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध अमेरिकेचा कॉसमॉस संघ खेळला, त्या गर्दीत तेही होते. तिकीट खिशातच भिजून त्याचा लगदा झाला, त्यामुळे पुरावा काही उरलेला नाही. उरली ती तक्रार. पेलेला अमेरिकेनं विकत घेतलं आणि त्यानं स्वतःला विकू दिलं, हे त्यांचं मत. फौजेतल्या माणसाला अशी मतं बदलणं कमीपणाचं वाटतं.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. फुटबॉल खेळलो तो कँपातल्या मैदानावर, तोही बेताचा. पण या तक्रारीच्या नादानं त्या वर्षाबद्दल मिळेल ते वाचत गेलो, आणि माझ्या लक्षात आलं, की वडिलांनी पाहिला तो एका लांबलचक गोष्टीचा शेवटून दुसरा अंक. आधीचे अंक अमेरिकेत घडले होते.

आधी नावाचं सांगतो. चेंडू हा शब्द मराठी आणि कन्नड दोन्हीकडे एकच, त्यामुळे आपल्या घरांत या खेळाला नाव शोधायला त्रास नाही. कन्नडमध्ये तर सरळ 'काल्चेंडू'. अमेरिकेत मात्र 'फुटबॉल' हे नाव आधीच दुसऱ्या एका खेळानं, हातात चेंडू धरून अंगावर धावून जाण्याच्या खेळानं, अडवून ठेवलेलं. म्हणून तिथे हा 'सॉकर'. हा शब्दही मूळचा इंग्लंडचा, 'असोसिएशन'ची मोडतोड करून तिथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला. पण अमेरिकेत तो परक्यांचा, इटालियन-पोर्तुगीज-जर्मन वस्त्यांतल्या लोकांनी रविवारी खेळायचा खेळ, असाच शिक्का होता.

१९६८ साली दोन स्पर्धा एकत्र करून नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. सतरा संघ होते. पुढच्या वर्षी त्यातले पाच उरले! एवढ्या पडझडीतून ती कशीबशी तगली. १९७१ मध्ये तीत न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ उतरला. मालक वॉर्नर कम्युनिकेशन्स, म्हणजे सिनेमे आणि गाण्यांच्या तबकड्या काढणारी बडी कंपनी, तिचे प्रमुख स्टीव्ह रॉस. पैसा होता, प्रेक्षक नव्हते. १९७४ मध्ये घरच्या सामन्यांना सरासरी साडेतीन हजारांच्या आसपास लोक येत. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांना याहून जास्त माणूस जमतो.

मग त्यांनी ठरवलं, की जगातला सगळ्यात मोठा खेळाडू आणायचा. पेले १९७४ मध्ये सांतोस क्लबातून निवृत्त झाला होता आणि धंद्यात त्याचे हात पोळले होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनीही ब्राझीलकडे शब्द टाकला. जून १९७५ मध्ये करार झाला, कित्येक दशलक्ष डॉलरांचा. पहिला सामना न्यूयॉर्कच्या रँडल्स आयलंडवरच्या जुन्या मैदानावर. दूरचित्रवाणीवर बरं दिसावं म्हणून मैदानातल्या उघड्या मातीला हिरवा रंग फासला होता. सामन्यानंतर पाय हिरवे झालेले बघून पेलेला वाटलं, आपल्याला बुरशीचा रोग झाला! हा किस्सा त्या संघाची माणसं वर्षानुवर्षं सांगत राहिली.

गर्दी वाढली, पण विजेतेपद काही मिळेना. १९७५ मध्ये कॉसमॉस बाद फेरीतही पोचला नाही. १९७६ मध्ये टँपा बे रावडीज संघानं बाद फेरीत त्यांना घरी पाठवलं. करार तीन वर्षांचा. म्हणजे १९७७ हा शेवटचा मोसम, पेले छत्तीस वर्षांचा, आणि ज्या कामासाठी एवढा पैसा मोजला, ते काम अपुरं. विश्वचषक तीनदा जिंकलेला माणूस अमेरिकेतून एकही चषक न घेता परतणार, आणि लोक म्हणणार, नाचगाण्याचा कार्यक्रम करून गेला. नेमकं माझे वडील म्हणत होते तेच.

त्या वर्षी संघ न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डच्या नव्याकोऱ्या जायंट्स स्टेडियमवर गेला. जमीन कृत्रिम हिरवळीची. मे महिन्यात जर्मनीचा कर्णधार फ्रान्झ बेकेनबाउअर आला, जुलैत ब्राझीलच्या १९७० च्या जगज्जेत्या संघाचा कर्णधार कार्लोस आल्बेर्तो. इटलीत जन्मलेला, वेल्समध्ये वाढलेला आघाडीवीर जॉर्जो किनाल्या आदल्या वर्षीच आला होता. संघाचा कर्णधार वर्नर रॉथ, जन्म युगोस्लाव्हियाचा, वाढला न्यूयॉर्कमध्ये. पेरूचा रामोन मिफ्लिन, दक्षिण आफ्रिकेचा जोमो सोनो, इंग्लंडचा स्टीव्ह हंट. हंट हा एकवीस वर्षांचा पोरगा, आपल्या देशात कोणाच्या खिजगणतीत नसलेला. त्याची गोष्ट पुढे येईलच.

इतके दिग्गज एका खोलीत आले म्हणजे काय होतं, ते एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना सांगायला नको. किनाल्या गोल करायचा आणि बोलायचाही. पेलेनं चेंडू आपल्याकडे जास्त द्यावा, असं तो तोंडावर म्हणे. मालक रॉस यांच्याशी त्याची दाट मैत्री, त्यामुळे बाकीचे त्याला वचकून असत. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. साखळीत संघानं २६ पैकी ११ सामने गमावले. जुलैत प्रशिक्षक गॉर्डन ब्रॅडली बाजूला झाले आणि टँपाला १९७५ चं विजेतेपद मिळवून देणारे एडी फर्मानी आले. साखळीत पहिला नंबर काही मिळाला नाही, तो फोर्ट लॉडरडेल स्ट्रायकर्सना गेला.

इथे या लीगचे नियम सांगितले पाहिजेत, कारण आमच्या चिरंजीवांना ते ऐकून हसू आवरेना. अमेरिकन माणसाला बरोबरी मान्य नाही. कोणी जिंकलं नाही तर तिकिटाचे पैसे परत मागेल, अशी भीती असावी! म्हणून १९७७ पासून त्यांनी जादा वेळेनंतर नवाच प्रकार काढला. खेळाडूनं गोलपासून ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन निघायचं, पाच सेकंदांत गोल मारायचा, आणि गोलरक्षकानं हवं तर पुढे धावून यायचं. विजयाला सहा गुण. शिवाय प्रत्येक गोलला एक जादा गुण, जास्तीत जास्त तीन. म्हणजे तीन गोल करून हरलेला संघही तीन गुण घेऊन घरी जाणार. ऑफसाइडसाठी मधली रेघ नव्हे, गोलपासून ३५ यार्डांवर वेगळी रेघ. मैदानावरचं घड्याळ उलटं मोजायचं. युरोपातली जाणकार मंडळी नाकं मुरडत. मला मात्र त्यात चूक दिसत नाही. नव्या घरात आलेली सून पहिल्या वर्षी दोन्हीकडच्या पद्धतीची आमटी करते, तसंच हे. आमच्या घरी अजूनही सांबार आणि आमटी यांच्या मधलं काहीतरी शिजतं आणि त्याला नाव नाही. (हे छापून आल्यावर सौभाग्यवतींकडून काय ऐकावं लागेल, ते वेगळं.)

तर हा खेळ असा अर्धा ओळखीचा झाला आणि १९ जून १९७७ च्या रविवारी जायंट्स स्टेडियमवर टँपाविरुद्ध ६२,३९४ माणसं आली. पेलेनं तीनही गोल केले. अमेरिकेत फुटबॉलला एवढी माणसं जमली, यावर लोकांचा विश्वास बसेना. पण तो नुसता नमुना होता.

त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराची अवस्था वाईट होती. तिजोरी रिकामी, नोकरकपात, १३ जुलैच्या रात्री वीज गेली आणि दुकानं लुटली गेली. रात्री-अपरात्री गोळ्या घालणारा एक खुनी वर्षभर मोकाट होता, तो १० ऑगस्टला पकडला गेला. त्यानंतर चारच दिवसांनी, १४ ऑगस्टला, बाद फेरीत फोर्ट लॉडरडेलविरुद्ध नदीपलीकडच्या त्या स्टेडियमवर ७७,६९१ प्रेक्षक बसले होते. बापलेक, शाळकरी मुली, स्थलांतरितांची अख्खी कुटुंबं. कॉसमॉसनं ८-३ असा सामना मारला.

फोर्ट लॉडरडेलच्या त्या मोसमाबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. त्यांचा गोलरक्षक गॉर्डन बँक्स. १९७० च्या विश्वचषकात पेलेचा डोक्यानं मारलेला, गोलात गेलाच म्हणावा असा चेंडू ज्यानं वर उडवला, तोच हा इंग्लंडचा बँक्स. १९७२ मध्ये मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. घरच्या फुटबॉलनं त्याला निरोप दिला होता. अमेरिकेत येऊन एका डोळ्यावर तो १९७७ चा लीगमधला सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. म्हातारे खेळाडू पेन्शनीला अमेरिकेत जातात, असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. बँक्सचं उदाहरण सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. फौजेत त्यांच्या एका सोबत्याचा डोळा गेला होता.

दुसऱ्या सामन्यात बरोबरीनंतर त्या ३५ यार्डांच्या प्रकारातच कॉसमॉसनं फोर्ट लॉडरडेलला बाहेर काढलं. मग रॉचेस्टरला दोनदा हरवलं, दुसऱ्यांदा घरी ७३,६६९ लोकांसमोर. आणि २८ ऑगस्टला ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये अंतिम सामना, सिअॅटल साउंडर्सविरुद्ध.

सिअॅटल पोर्टलंडपासून जवळ. त्यामुळे ३५,५४८ प्रेक्षकांत त्यांचाच आवाज मोठा. एकोणिसाव्या मिनिटाला सिअॅटलचा गोलरक्षक टोनी चर्स्की यानं पकडलेला चेंडू आरामात जमिनीवर सोडला आणि पुढे ढकलत निघाला. त्याला वाटलं, आसपास कोणी नाही. पाठीमागे होता स्टीव्ह हंट. तो मागून पुढे झाला, चेंडू पळवला आणि मोकळ्या गोलात सारला. एवढे जगज्जेते मैदानात असताना पहिला गोल केला तो या पोरानं, तोही गल्लीतल्या पोरासारखा, दुसऱ्याची गोटी उचलावी तसा. चारच मिनिटांत टॉमी ऑर्डनं बरोबरी केली. मग तासभर काही घडेना. सामना संपायला बारा-तेरा मिनिटं उरली असताना डावीकडून पुन्हा हंट, त्यानं उंच चेंडू टाकला आणि किनाल्यानं डोक्यानं गोल केला. २-१. पेलेच्या नावावर गोल नाही. विजयाचा गोल त्याच्याशी तंडणाऱ्या माणसाचा, आणि सामन्याचा मानकरी हंट.

सामना संपल्यावर पेलेनं आपली जर्सी दिली ती सिअॅटलच्या जिमी मॅकअॅलिस्टरला. वीस वर्षांचा हा बचावपटू सिअॅटलमध्येच वाढलेला, त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम नवखा खेळाडू. लीगमध्ये अमेरिकन-कॅनेडियन खेळाडूंसाठी किमान जागा राखलेल्या होत्या, पण त्या थोड्या. बाकी सारा भरणा बाहेरचा. अशात शेवटच्या स्पर्धात्मक सामन्याची जर्सी देण्यासाठी पेलेनं नेमका अमेरिकन मुलगा निवडला.

यानंतर कॉसमॉस आशियाच्या दौऱ्यावर निघाला. जपान, चीन, आणि तिथून कलकत्ता. २४ सप्टेंबर १९७७. म्हणजे विजेतेपदानंतर चार आठवडेही झाले नव्हते. पावसानं ईडन गार्डन्सचा चिखल झालेला. पेलेचा निरोपाचा सामना आठवड्यावर आलेला. तिथे पाय मुरगळला असता तर सगळंच फसलं असतं. तरी तो उतरला. मोहन बागानचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांनी गौतम सरकार यांना पेलेच्या मागे लावलं होतं. कार्लोस आल्बेर्तोनं गोल केला, श्याम थापानं लगेच फेडला, मग हैदराबादच्या मोहम्मद हबीबनं मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. शेवटी वादग्रस्त ठरलेल्या पेनल्टीवर किनाल्यानं २-२ केलं. त्याच मोसमात मोहन बागाननं आय. एफ. ए. शिल्ड, मुंबईचा रोव्हर्स चषक आणि ड्युरँड चषक असे तिन्ही जिंकले. तेव्हा समोरचा संघ काही लेचापेचा नव्हता. वडिलांना पेले पळताना दिसला नाही याचं अर्धं श्रेय सरकारांनाही द्यायला हवं, असं मी म्हणतो. ते मान्य करत नाहीत.

पुढच्याच शनिवारी, १ ऑक्टोबरला, जायंट्स स्टेडियमवर कॉसमॉस विरुद्ध सांतोस. ७५ हजारांवर प्रेक्षक, मुहम्मद अली पाहुणा. पेले पहिला अर्धा वेळ कॉसमॉसकडून खेळला, दुसरा सांतोसकडून. पहिल्या अर्ध्यात त्यानं लांबून फ्री किकवर गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात पाऊस आला. कलकत्त्याचा पाऊसच मागोमाग गेला असावा. कॉसमॉसनं २-१ असा सामना जिंकला, दुसरा गोल पेलेच्या जागी आलेल्या मिफ्लिनचा. आणि मग हजारो माणसं भिजत उभी राहिली, एका परदेशी माणसाला निरोप द्यायला.

पुढचं अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखं आहे, आणि मी सांगतोही. १९७७ चं यश पाहून सगळ्यांना वाटलं, दार उघडलं. १८ संघांचे पुढच्या वर्षी २४ झाले. प्रत्येकाला आपला पेले हवा होता. तो तर एकच होता, आणि त्याच्या मागे वॉर्नरसारखी तिजोरीही एकच. कॉसमॉसची गर्दी १९७८ मध्ये वाढून सरासरी ४७ हजारांवर गेली, पण इतरांकडे खुर्च्या रिकाम्या. दूरचित्रवाणीच्या एका मोठ्या वाहिनीनं १९७९ पासून सामने दाखवायला घेतले, बघणारे मिळेनात, तिनं अंग काढून घेतलं. काही संघ तर एका मोसमाचेच धनी. १९७७ मध्ये हवाईचा एक संघ होता, लास वेगासचा एक होता, दोन्ही पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी. १९८४ मध्ये नऊ संघ उरले. १९८५ मध्ये लीग बंद.

एवढ्यावर सोडलं तर वडिलांचं म्हणणं खरं ठरतं. पण जायंट्स स्टेडियमपासून थोड्याच मैलांवर कर्नी नावाचं गाव आहे. तिथे वाढलेले जॉन हार्क्स, टोनी मेओला आणि ताब रामोस हे तिघे १९९० च्या विश्वचषकात अमेरिकेकडून खेळले. त्याआधी १९५० नंतर अमेरिका तिथे पोचलीच नव्हती. १९९४ मध्ये विश्वचषकच अमेरिकेत भरला, १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली. तिच्यात सिअॅटल साउंडर्स, पोर्टलंड टिंबर्स, व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स, सॅन होजे अर्थक्वेक्स ही नावं पुन्हा आली. चारही १९७७ च्या यादीतली. संघ बुडाले, पण गावांनी नावं जपून ठेवली. जायंट्स स्टेडियम २०१० मध्ये पाडलं, पण त्याला लागूनच उभं राहिलेलं नवं स्टेडियम २०२६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यासाठी निवडलं गेलं. पेले डिसेंबर २०२२ मध्ये गेला, बेकेनबाउअर जानेवारी २०२४ मध्ये. हबीब २०२३ मध्ये, १५ ऑगस्टला. ती बातमी वडिलांनी पेपरातून मला वाचून दाखवली होती.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दाखव." हल्ली सगळं सापडतं. १९७७ चा अंतिम सामना त्यानं मोबाइलवर शोधला आणि टीव्हीला जोडला. चित्र धुरकट, रंग विटलेले. गुलाबी जर्सीत तो जमिनीवर, वडील खुर्चीत चष्मा पुसत. हंटनं चेंडू पळवला तेव्हा दोघंही एकदम हसले, मुलगा तर तीनदा मागे नेऊन बघत राहिला. वडिलांनी त्याला हात दाखवून थांबवलं आणि पुढे जाऊ दे म्हणाले.

उत्तरार्धात दहा नंबरची ठेंगणी आकृती दोघांना चकवून आत घुसली, चेंडू गेला, पुन्हा मिळवायला मागे धावली. वडील पुढे वाकले.

"हे कधीचं म्हणालास?"

"ऑगस्टची अठ्ठावीस, बाबा. कलकत्त्याच्या आधी महिनाभर."

"इथं पळतोय की रे," वडील म्हणाले. मग मुलाकडे वळून, "परत लाव बघू तेवढं."